वाचलेले टिकवायचे असेल तर

राज्यसेवेच्या अभ्यासाला तुम्ही नुकतीच सुरुवात केली आहे आणि आठवड्यापूर्वी वाचलेली राज्यघटनेची कलमे आठवत नाहीत म्हणून खचून गेला आहात. पण यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठांतराच्या श्रमांपैकी निम्म्याहून अधिक श्रम तासाभरातच वाया जात होते. पुढे मात्र ही गळती मंदावत गेली. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा आणि पुढच्या उजळण्यांमधले अंतर हळूहळू वाढवत न्या.

उजळणी म्हणजे खुणा केलेले पान पुन्हा वाचणे नव्हे, कारण मजकूर ओळखीचा वाटणे आणि तो आठवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर कलम १४ ते १८ लिहून काढा. सार्वजनिक नोकरीतील समान संधी १५ व्या कलमात की १६ व्या, इथे तुम्ही अडखळाल, आणि आठवण्याच्या त्या धडपडीनेच स्मरण घट्ट होत असल्यामुळे लगेच उत्तर पाहू नका. रात्रीची झोपही कमी करू नका, कारण दिवसा शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते.