एकट्याने सॉफ्टवेअर उत्पादन तयार करताना लक्ष कसे टिकवावे?

आपण कोथरूडमध्ये घरून एकट्याने दुकानदारांसाठी बिलिंगचे ॲप तयार करत आहात आणि नवी कल्पना सुचली की जुने काम मागे पडते, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते यात मोबाइलपेक्षा मोठा अडथळा हा आहे की, काय करू नये हे सांगणारे समोर कोणीच नसते. म्हणून ग्राहक लवकरात लवकर गाठावा. रविवार पेठेतल्या एखाद्या दुकानात, गर्दी नसलेल्या वेळी, मालकांच्या परवानगीने गल्ल्याशेजारी तासभर बसावे. परत आलेल्या मालाची नोंद करताना मालक आपले ॲप सोडून वहीकडे वळले, तर आपले पुढच्या आठवड्याचे काम तेथेच ठरते आणि ॲपला डार्क थीम, म्हणजे गडद पार्श्वभूमी, देण्यासारखा विचार आपोआप मागे पडतो.

नवी कल्पना तारखेसह टिपून ठेवावी, पण हातातली आवृत्ती ग्राहकांपर्यंत पोहोचेपर्यंत तिच्यासाठी एक ओळही कोड लिहू नये. एक काम अर्धवट सोडून दुसरे हाती घेतले की पहिल्याचे विचार मनात रेंगाळतात आणि दुसरेही नीट होत नाही, हे कामाच्या ठिकाणच्या वर्तनाच्या अभ्यासक सोफी लरॉय यांच्या २००९ मधील संशोधनात दिसून आले आहे. त्यामुळे कोडसाठी सकाळचे सलग तास राखावेत. ईमेल, फोन आणि जीएसटीची कामे दुपारनंतर करावीत. घरी शांतता नसेल, तर सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या एखाद्या अभ्यासिकेत मासिक शुल्कावर जागा मिळते का, हे अवश्य पाहावे; तेथे बोलण्यास मनाई असते, ती आपल्या पथ्यावरच पडेल.