मे महिन्यात चार वर्षांच्या मुलाला विदर्भात गावी न्यावं का? ऊन झेपेल का त्याला?

नका नेऊ. म्हणजे मे मध्ये नका नेऊ, नेऊच नका असं नाही.

ताई, तुम्ही लिहिलंय की सासर दारव्ह्याकडे आहे, तुमचं माहेर अन् घर पुण्यात, आणि यंदा सासूबाई मागे लागल्यात की नातवाला सुट्टीत १५ दिवस घेऊन या. मी त्याच यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णीच्या बाजूचा. घरी शेती, पोरगी झेडपीच्या शाळेत दुसरीत अन् धाकटा अंगणवाडीत. उन्हाला भिऊन मी नको म्हणून नाही राहिलो. आमची लेकरं काय फ्रीजमध्ये वाढतात का? प्रश्न असा आहे की मे मध्ये गावात लेकराला पाहायला असते काय? पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून वावरं उघडी पडलेली, नाला कोरडा, जनावरं सावलीला बांधलेली. सकाळी ११ ला दारं-खिडक्या बंद होतात ते ५ वाजेपर्यंत उघडत नाहीत. २५ मे च्या आसपास नवतपा, म्हणजे ते सगळ्यात तापाचे नऊ दिवस, लागला की मग तं कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. पारा ४५ वर गेला ही आमच्याकडे बातमीच नाही, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला यांची त्याच्यात दरवर्षी शर्यत लागते. मग पोट्टं काय करते, कूलरसमोर पडून मोबाईल पाहते, लाईन गेली की रडते, आणि पुण्याला परत जाऊन मित्रांना सांगते की गावाला काहीच नसते. बरोबरच सांगते, त्याला तेवढंच दाखवलं तुम्ही.

हे सगळं मी माझ्या दादाला किती वर्षांपासून सांगून राहिलो. दादा पुण्यात कंपनीत आहे, वहिनी पुण्याच्याच. दरवर्षी मे मध्ये यायचे, वहिनी पहिल्या दिवसापासून ओला नॅपकिन मानेवर ठेवून बसायच्या आणि "तुम्ही लोक कसे राहता हो इथे" म्हणायच्या. मी म्हणायचो पोळ्याला या. दादाचं एकच उत्तर, शाळा बुडते. अरे, पहिलीतल्या पोराची दोन-चार दिवस शाळा बुडाली तर त्याची काय एमपीएससी अडकणार होती?

मग एका वर्षी बाबांनीच फोन केला. म्हणाले बैलजोडी विकायची ठरवली आहे, चारा परवडत नाही, पेरणी-डवरणी आता ट्रॅक्टरनेच होते, तर हा आपल्या दारचा शेवटचा पोळा, नातवाला घेऊन ये. तेव्हा कुठे दादा आला.

आदल्या दिवशी खांदशेकणी. तुमच्या यजमानांना विचारा, ते सांगतील. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावायची आणि त्याला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. पुतण्या सहा वर्षांचा, आईच्या मागून निघेना. बाबांनी पळसाच्या पानावर लोणी घेतलं, त्याचा हात धरला आणि बैलाच्या खांद्यावर टेकवला. बैलाची कातडी कशी थरारते माहीत आहे ना, माशी बसल्यावर थरारते तशी नुसती तेवढीच जागा हलते. पोरानं हात मागे घेतला, बैलाकडे पाहिलं, बोटानं परत टेकवून पाहिलं, परत थरारली. मग तो थांबायलाच तयार नाही, खांदा सोडून पाठीला, पोटाला सगळीकडे बोट लावून पाहून राहिला आणि बैल बिचारा उभा. सगळी हळद त्याच्या शाळेच्या टी-शर्टला. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, झडत्या (पोळ्याची गाणी) झाल्या, ते "एक नमन गौरा पार्वती हर बोला" असं कुणी म्हटलं की "हर हर महादेव" ओरडण्यात त्याचा घसा बसला.

अन् तिसऱ्या दिवशी खरा तमाशा झाला. सकाळी पोट्ट्यांसोबत मारबत (गावातली इडापिडा घेऊन जाते म्हणतात ती) गावाबाहेर नेऊन आला, "घेऊन जा गे मारबत" ओरडत. संध्याकाळी तान्हा पोळा. तुम्ही पुण्याच्या म्हणून सांगतो, हा लेकरांचा पोळा असतो, लाकडी नंदी सजवून दोरीनं ओढत घरोघरी न्यायचा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची पद्धत आहे, तुमच्याकडे नाही. माळ्यावरून आमचा लहानपणचा नंदी काढला. त्याचं एक शिंग तुटलेलं, दादा माझ्यावर ढकलतो, पण तुटलं त्याच्यामुळेच. सुताराकडून नवं शिंग अन् चाकं बसवून आणली, पांढरा ऑइल पेंट मारला, बायकोनं ब्लाऊज पीसची झूल शिवली, गळ्यात घुंगरू.

आमची पोरगी तिचा नंदी घेऊन पुढे, हा मागे. घरातली बाई बाहेर येते, नंदीच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, ओवाळते आणि लेकराच्या हातात बोजारा देते. दहा रुपये, वीस रुपये, कुणी बिस्किटचा पुडा. पहिल्या घरी तो पोरीच्या मागे लपला. नंतर पुढच्या आळीत मी पाहतो तर हाच दारात उभा राहून आवाज देऊन राहिला, "काकू, नंदी आला!" प्रत्येक घरी त्याला विचारायचे, कोणाचा रे तू? आधी तो स्वतःचं नाव अन् सोसायटीचं नाव सांगत होता, त्याचं कुणालाच काही कळेना. मग पोरीनं शिकवलं, आबाजीचं, म्हणजे आजोबांचं, नाव सांग. तेवढं सांगितलं की लोक त्याला घरात घेऊन बसवत होते.

घरी येऊन त्यानं चिल्लर ओतली आणि वहिनींचा चेहरा उतरला. रात्री जेवताना म्हणाल्या, माझ्या मुलाला दारोदार भीक मागायला पाठवलं तुम्ही. भीक! आईनं त्याच दिवशी सकाळी किराणा दुकानातून दहाच्या नोटा सुट्ट्या करून आणल्या होत्या, कारण ज्या घरी आपली लेकरं जातात त्या घरची लेकरं आपल्या दारी येतात, तुम्ही द्यायचं अन् आम्ही द्यायचं, याच्यात मागणारा कोण अन् देणारा कोण? मी हे सगळं बोललो, जरा आवाज चढवूनच बोललो. दादा ताटात पाहत बसला. बाबा म्हणाले पुरणपोळी घ्या अजून. म्हणजे वाद मिटला नाही, नुसता झाकला.

आणि आता ऐका. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी वहिनींचं व्हॉट्सअॅप स्टेटस, पोरगा काळा झगा घालून हातात प्लास्टिकचा भोपळा घेऊन सोसायटीतल्या फ्लॅटच्या बेला वाजवून चॉकलेटं गोळा करतो आहे! हॅलोविन म्हणे. मी खाली फक्त एवढंच लिहिलं, "बोजारा किती जमला?" दिवाळी होऊन गेली तरी वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत.

असो. तर माझं म्हणणं, पोळ्याला न्या. ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरमध्ये येतो, श्रावणी अमावास्येला. ते नसेल जमत तर पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात त्या दिवसांत न्या, दिवाळीनंतर न्या. घरात कापसाचा ढीग असतो, लेकरं त्याच्यावरून उड्या मारतात (मग रात्रभर खाजवतात, ते वेगळं). डिसेंबरात तुरीच्या शेंगा उकडून, पुढे वावरात भाजलेल्या हरभऱ्याचा हुळा, होळीला शेणाच्या चाकोल्या (होळीत टाकायच्या छोट्या गोवऱ्या) थापायला लावा, तुम्हाला किळस येईल, त्याला नाही येणार.

आता पोळ्याचं गुणगान गातो तर दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल फसवलं. पावसाळ्यात चिखल, डास आणि साप हे तिन्ही असतात. पुतण्याला डास चावून पायावर फोड आले होते, तेवढ्यापुरतं वहिनींचं खरं होतं. पाणी उकळूनच द्या. अंधारात चप्पल अन् टॉर्चशिवाय त्याला अंगणात सोडू नका. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नेमके तेच दिवस कपाशीवर फवारणीचे असतात. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत. फवारलेल्या वावरात लेकराला नेऊ नका, गोठ्यात पंप अन् औषधाचे डबे कुठे ठेवतात ते गेल्या गेल्या पाहून घ्या, रिकामा डबा तं त्याच्या हाती लागूच देऊ नका. हे सासऱ्यांना सांगायला संकोच वाटत असेल तर यजमानांना सांगायला लावा.

अन् एवढं करूनही मे मध्येच जायचं ठरलं असेल, सासूबाईंचा आग्रह असतो, मी समजू शकतो, तर चार वर्षांच्या लेकराला ऊन झेपते, तुम्ही त्याला ११ ते ५ बाहेर काढलं नाही तर. नवतप्याच्या आत परत निघा. तहान लागायची वाट न पाहता पाणी, पन्हं, ताक देत राहा, ओआरएसची पाकिटं पुण्याहूनच आणा. अंग तापलं, सुस्त पडला, लघवी कमी झाली तर खिशात कांदा ठेवून बसू नका, सरळ दवाखाना. लोखंडी कूलरपासून त्याला लांब ठेवा, दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून लेकरं जातात आमच्याकडे, अर्थिंग तपासून घ्या आणि पाणी भरताना पिन काढलेली आहे की नाही ते स्वतः पाहा. रात्री अंगणात बाज टाकून झोपू द्या त्याला, ते मात्र छान असते. सकाळी कुरडया-सरगुंड्यांच्या कामात लावून द्या, सरगुंडे काडीवर गुंडाळायला लेकरांना लय आवडते, अर्धे मोडून ठेवतात.

पोळ्याचं नक्की झालं तर रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडते, त्याच दिवशी करा. आणि सासऱ्यांना नंदीचं आताच सांगून ठेवा, ऐन वेळी सुतार भाव पण खातो अन् चाकं पण वाकडी लावून देतो.