दुकानातले विंडोज ७ आणि एक्सपीचे जुने संगणक दुसऱ्या गावातून कसे वापरता येतील?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सांगलीत वडिलांचं डीटीपीचं दुकान आहे. एका संगणकावर विंडोज ७ आहे, दुसऱ्यावर विंडोज एक्सपी, आणि दोन्हींवर पेजमेकर (पानांची जुळणी करायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी टायपिंग आणि फॉन्टचं). वडिलांना आता जास्त वेळ बसवत नाही, म्हणून पत्रिका आणि हँडबिलांचं काम रात्री पुण्यातून तुम्ही करणार आहात. ओळखीच्या कुणीतरी सांगितलंय की राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट उघडा, रिमोट डेस्कटॉप चालू करा, झालं काम.

कृपा करून तेवढं करू नका. बाकी तुम्हाला जे हवंय ते व्यवस्थित जमेल, खर्चही फार येणार नाही.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे एक संगणक दुसऱ्यावरून चालवण्याची विंडोजमधली सोय. ३३८९ हा तिचा ठरलेला पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याचं नंबर दिलेलं दार. तो इंटरनेटवर उघडा दिसला की काही वेळातच जगभरातून त्यावर पासवर्ड मारून बघणारे प्रोग्रॅम सुरू होतात. नुसता पासवर्ड मजबूत ठेवूनही भागत नाही. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाची त्रुटी उघड झाली. तिच्यातून एक्सपी आणि विंडोज ७ च्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टने त्यासाठी खास दुरुस्ती काढली, यावरून तिचं गांभीर्य लक्षात यावं. विंडोज ७ चा सपोर्टही १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यानंतर सापडलेल्या त्रुटी तुमच्या वडिलांच्या संगणकात तशाच आहेत असं धरून चाला. पोर्टचा नंबर बदलला की सुरक्षित, असंही कुणी सांगेल. शोधणारे प्रोग्रॅम सगळे नंबर तपासतात.

शिवाय पोर्ट उघडूनही तो बाहेरून दिसेलच असं नाही. आपल्याकडे बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देतात. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर राउटरमध्ये असा पोर्ट उघडण्याचा उपयोगच नाही.

'जुने संगणक फेकून नवे घ्या' असंही लोक तुम्हाला सांगतील. मी लहान दुकानांचे आणि वकिलांच्या ऑफिसांचे संगणक सांभाळतो, त्यामुळे हे संगणक का टिकून आहेत ते मला ठाऊक आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. त्यातल्या हजारो फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला संगणकाला लावावी लागणारी लायसनची किल्ली, जुना, कधीकधी पॅरलल पोर्टचा (जुन्या प्रिंटरच्या जोडणीचा), आणि नव्या मदरबोर्डवर तो पोर्टच नसतो. दुकानाची वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं त्या फायलींमध्ये आहेत. ते संगणक जपणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे. फक्त ते इंटरनेटसमोर उभे करायचे नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा की दुकानात एक तिसरं यंत्र ठेवा, नव्या सॉफ्टवेअरचं. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक चालेल, किंवा घरात पडलेला ६४ बिटचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मी लॅपटॉपच सुचवेन, कारण त्याची बॅटरी थोडी जरी धरत असली तरी वीज गेल्यावर तो तग धरतो. बाहेरून तुम्ही फक्त या यंत्रापर्यंत यायचं आणि तिथून आतल्या जुन्या संगणकांकडे जायचं.

या यंत्रावर आणि तुमच्या पुण्यातल्या लॅपटॉपवर टेलस्केल बसवा, म्हणजे लांबच्या यंत्रांना खाजगी, एन्क्रिप्टेड जोडणी देणारं सॉफ्टवेअर. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं, वैयक्तिक वापराला फुकट आहे, राउटरमध्ये काहीही उघडावं लागत नाही आणि सामायिक आयपी असला तरी चालतं. त्यात 'सबनेट राउटर' नावाची सोय आहे. ती मधल्या यंत्रावर चालू केली आणि टेलस्केलच्या ॲडमिन पानावर तो मार्ग मंजूर केला, की दुकानातल्या नेटवर्कवरचे संगणक तुम्हाला पुण्यातून त्यांच्या आतल्या आयपीनेच दिसतात. मधल्या यंत्राच्या लिनक्सवर आयपी फॉरवर्डिंग (आलेला डेटा पुढच्या यंत्राकडे पाठवणं) चालू करावं लागतं. पुण्यातला लॅपटॉपही लिनक्सचा असेल, तर त्याला 'मार्ग स्वीकार' असं वेगळं सांगावं लागतं.

इथे दोन गोष्टी हमखास अडवतात. पहिली, पुण्यातल्या घराचं आणि दुकानाचं नेटवर्क दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर तुमच्या लॅपटॉपला कुठल्या १९२.१६८.१ कडे जायचं ते कळत नाही. दुकानाच्या राउटरचा पत्ता आधीच १९२.१६८.५७ ने सुरू होणारा असा काहीतरी वेगळा करून घ्या आणि मगच संगणकांना कायमचे आयपी द्या. दुसरी, टेलस्केलची ओळख-किल्ली १८० दिवसांनी संपते. मधल्या यंत्रासाठी ॲडमिन पानावर ती मुदत बंद करून ठेवा, नाहीतर ऐन लग्नसराईत एके दिवशी जोडणीच होणार नाही आणि सांगली गाठावी लागेल.

एक्सपीच्या संगणकाला कायमचा आयपी देताना डिफॉल्ट गेटवेची (बाहेर जाण्याच्या वाटेची) जागा रिकामी सोडा, डीएनएसचीही (साइटच्या नावांचे पत्ते शोधणाऱ्या सेवेची). मग तो दुकानातल्या बाकी यंत्रांशी बोलेल, पण इंटरनेटवर जाऊच शकणार नाही. टेलस्केलमधून येणारी तुमची जोडणी त्याला मधल्या यंत्राकडूनच आल्यासारखी दिसते, त्यामुळे गेटवेविना काम अडत नाही. विंडोज ७ लाही हेच करता आलं तर उत्तम. ईमेल आणि व्हॉट्सॲपवरून येणारा मजकूर मधल्या लॅपटॉपवर घ्यावा.

आता आत काय वापरायचं: विंडोजचा रिमोट डेस्कटॉप की व्हीएनसी, म्हणजे समोरचा पडदा जसाच्या तसा लांबून दाखवणारी पद्धत? तुमच्या बाबतीत मी व्हीएनसी म्हणेन, आणि त्याला कारणं आहेत.

विंडोज ७ होम असेल तर रिमोट डेस्कटॉपने त्यात बाहेरून येताच येत नाही. ती सोय प्रोफेशनल, अल्टिमेट आणि एंटरप्राइझमध्येच आहे. होमवर ती उघडून देणारी तिऱ्हाइतांची सॉफ्टवेअर मिळतात, ती घेऊ नका. रिमोट डेस्कटॉपने जोडलं की दुकानातला पडदा लॉक होतो, म्हणजे वडील समोर बसलेले असले तर त्यांना काहीच दिसत नाही. आणि मुख्य अडचण डाँगलची आहे. काही डाँगलवाली सॉफ्टवेअर रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात चालायलाच नकार देतात, कारण एका लायसनवर अनेकांनी काम करू नये म्हणून ती तसा तपास करतात. व्हीएनसीत तुम्ही समोरचाच पडदा बघत असता. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कुणीतरी त्या खुर्चीतच बसलेलं असतं. वडिलांनाही तुमचा माउस फिरताना दिसतो. पत्रिकेतलं नाव कुठे सरकवायचं हे फोनवर बोलत दोघांनी मिळून करता येतं, आणि मला वाटतं हा फायदा सगळ्यात मोठा आहे.

टाइटव्हीएनसी हे व्हीएनसीचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर चालतं. ते सर्व्हिस म्हणून (विंडोजबरोबर आपोआप सुरू होणारं) बसवा, म्हणजे लॉगिनचा पडदा असतानाही जोडता येईल. सेटिंगमध्ये जावा व्ह्यूअर बंद करा, ॲक्सेस कंट्रोलमध्ये फक्त मधल्या यंत्राच्या आयपीला परवानगी द्या आणि बाकी सगळ्यांना नाही म्हणा. त्याचा पासवर्ड फक्त पहिल्या ८ अक्षरांपर्यंतच धरला जातो आणि पडद्याचं चित्र एन्क्रिप्ट न होता जातं. म्हणून व्हीएनसीचा ५९०० हा पोर्टही कधीच थेट इंटरनेटवर उघडायचा नाही. टेलस्केलच्या आतून येत असल्यामुळे दुकानाबाहेरचा रस्ता एन्क्रिप्टेड राहतो.

व्हीएनसी चित्र पाठवतं, त्यामुळे रिमोट डेस्कटॉपपेक्षा ते थोडं जड पडतं. संगणकावरचा वॉलपेपर काढा, विंडोज ७ ची एरो थीम बंद करून क्लासिक लावा आणि व्ह्यूअरमध्ये रंग कमी करा. जुळणी करताना रंगांची गरज नसते. शेवटचा प्रूफ पीडीएफ करून स्वतःच्या पडद्यावर बघा.

विंडोज ७ प्रोफेशनल असेल आणि डाँगल तक्रार करत नसेल, तर रिमोट डेस्कटॉप जरूर वापरा, तो जास्त सुळसुळीत चालतो. पडदा दिसण्याआधीच पासवर्ड तपासणारा 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन'वाला पर्याय निवडा. खात्याला पासवर्ड हवाच, कोऱ्या पासवर्डचं खातं बाहेरून आत घेत नाही. जोडताना 'क्रेडएसएसपी'चा उल्लेख असलेला एरर आला, तर याचा अर्थ जुन्या संगणकावर २०१८ चे अपडेट नाहीत. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी तुमच्या नव्या लॅपटॉपवरची तपासणी सैल करायला सांगतील. अपडेट जुन्या संगणकावर टाका, लॅपटॉपला हात लावू नका.

टायपिंगबद्दल: तुमच्या लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा. मराठी अक्षरं श्रीलिपी तिकडे तयार करेल, तुम्ही फक्त कळा पाठवायच्या. इकडे इन्स्क्रिप्ट (युनिकोड मराठीचा कीबोर्ड) चालू राहिलं, तर व्हीएनसी कळेऐवजी तयार देवनागरी अक्षर पाठवतं आणि तिकडे भलतंच उमटतं. कॉपी-पेस्टचंही तसंच. श्रीलिपीतला मजकूर तुमच्या लॅपटॉपवर आणला की इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. मजकूर बिघडलेला नसतो, फॉन्ट नसतो एवढंच. युनिकोडमधला मजकूर तिकडे न्यायचा असेल तर आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा.

आता विजेचं. जुन्या संगणकाला लांबून वापरताना सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटन सेल आधी बदला. तो संपलेला असेल तर वीज जाऊन आल्यावर संगणक 'एफ १ दाबा' असं म्हणत थांबतो, आणि तो एफ १ पुण्यातून दाबता येत नाही. तारीखही मागे जाते. इंटरनेट नसलेला एक्सपी ती स्वतःहून दुरुस्त करत नाही, मग फायलींच्या तारखा चुकतात. सेल नवा टाकल्यावर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग शोधा. नाव 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तसंच काहीतरी असतं. विंडोजमध्ये स्लीप बंद ठेवा. रात्रभर संगणक चालू ठेवायचा नसेल, तर बायोसमध्ये वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवून संगणक चालू करण्याची सोय, आहे का पाहा. केबलने जोडलेला संगणक मधल्या यंत्रावरून जागा करता येतो. थेट पुण्यातून तो संदेश पोचत नाही, त्यासाठीही ते मधलं यंत्र उपयोगी पडतं. राउटरला छोटा यूपीएस लावा.

हे सगळं करण्याआधी दोन्ही हार्ड डिस्कची क्लोनझिला या सॉफ्टवेअरने पूर्ण प्रत काढा. या वयाच्या डिस्कवर भरवसा ठेवू नका.

वडिलांनाही एक गोष्ट नीट समजावून सांगा. एनीडेस्कसारखी लांबून संगणक चालवायची सॉफ्टवेअर वाईट नाहीत, पण फोनवरून ती टाकायला लावून खातं रिकामं करणारे बरेच आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच तसा इशारा दिला होता. तुम्ही लांबून संगणक चालवता याची त्यांना सवय झाली, की बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्या माणसाची तशीच मागणी त्यांना विचित्र वाटणार नाही. म्हणून आधीच ठरवून टाका: आपल्या घरात कुणीही फोनवरून काही टाकायला सांगणार नाही, तुम्हीसुद्धा नाही. तसं काही झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

जोडणीची चाचणी सांगलीत असतानाच घ्या, दुकानाच्या वायफायवर नाही तर मोबाईलच्या डेटावरून, नाहीतर बाहेरून येतंय की आतून ते कळणार नाही. मग मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि कशालाही हात न लावता तिन्ही यंत्रं परत जोडली जातात का ते पाहा. विंडोज ७ ची आवृत्ती कोणती आणि डाँगल कुठल्या पोर्टचा, एवढं खाली लिहिलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.