घोडबंदर रोडवरचे टॉवर टिपायला टिल्ट-शिफ्ट लेन्स कोणती घ्यावी, १७ मिमी की २४ मिमी?

एकच घेणार असाल आणि कॅमेरा फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरचा) असेल, तर २४ मिमी घ्या. कॅननच्या या दोन्ही लेन्स कॅमेरा न हलवता १२ मिमी वर सरकतात (हेच शिफ्ट), त्यामुळे हिशेब वहीवर मांडता येतो. कॅमेरा उभा धरला की सेन्सरची निम्मी उंची १८ मिमी, त्यात शिफ्टचे १२, एकूण ३०. त्याला २४ने भागलं की सव्वा. म्हणजे कॅमेरा वर न झुकवता, रेषा सरळ ठेवून, अंतराच्या सव्वापट उंची फ्रेममध्ये येते. ९० मीटरच्या टॉवरसाठी ७२ मीटर मागे जायचं. १७ने हेच साधारण ५१ मीटरवरून जमतं, पण वरचे मजले ताणलेले दिसतात (आर्किटेक्टला ते हमखास खटकतं) आणि पुढची काच फुगीर असल्याने साधा फिल्टर चढत नाही. मात्र मागे जाताना मेट्रोचा पूल मध्ये येत असेल, तर १७ला पर्याय नाही. तेवढ्या कामापुरती भाड्याने आणा. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर उत्तर उलटं: तिथे २४ने जेमतेम अंतराइतकीच उंची येते, म्हणून १७च घ्या.