केबिनमध्ये तुम्ही एकटेच का?

पत्र: ताई, माझी धाकटी बहीण २७ वर्षांची, जन्मापासून दृष्टिहीन. बी.ए. झालीय. घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा धंदा करते. ऑर्डरी घेणं, हिशेब, पुण्याच्या दुकानदारांकडून उधारी वसूल करणं, सगळं तीच फोनवर बघते. पैसे मात्र माझ्या खात्यात येतात, कारण बँक तिला चेकबुक आणि एटीएम कार्ड देत नाही. ‘सही जुळणार नाही, कुणी फसवेल, भावाचं नाव जोडा,’ म्हणतात. तीन वेळा मॅनेजरशी भांडलो. ती बिचारी बाहेर बाकड्यावर बसून होती. आता कुणाकडे तक्रार करू?
– एक भाऊ, अशोक चौक, सोलापूर

भाऊ, तक्रारीचं नंतर बघू. तिन्ही वेळा ती बाहेर का होती?

खातं तिचं, धंदा तिचा, आणि बोलणी चालली दोन पुरुषांची, बंद दाराआड. मॅनेजर म्हणतो तिला व्यवहार जमणार नाही. तुम्ही तोंडाने म्हणता जमतो, आणि तिला बाहेर बसवून त्याचंच खरं करता. अहो, पुण्याच्या दुकानदाराकडून उधारी काढणारी बाई ती! (हे येरागबाळ्याचं काम नाही.) तिला एक मॅनेजर जड गेला असता? आणि ते ‘बिचारी’ आधी खोडा.

कायद्याची काळजी करू नका, तो तिच्या बाजूने आहे. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग, लॉकर, कर्ज, सगळं भेदभाव न करता द्यायचं, असं रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच बँकांना बजावलंय. आपले आर्थिक व्यवहार आपण सांभाळायचा हक्क दिव्यांग व्यक्तीलाही इतरांइतकाच आहे, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये लिहिलंय. राहिलं ‘कुणी फसवेल’. फोनवर ओटीपी सांगून बसणारे काय सगळे आंधळे असतात?

तेव्हा चौथ्या खेपेला आत ती जाईल. अर्ज तिने फोनवर बोलून लिहायचा, छापून घ्यायचा, खाली सही तिची. दोन प्रती, एकीवर पोच. नाही म्हणाले तर ‘लेखी द्या’ हेही तिनेच म्हणायचं. मग बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. त्याला फी नाही. प्रत्येक कागदावर तक्रारदार म्हणून तिचं नाव.

सोबत जायचं तर जा. मॅनेजर सवयीने तुमच्याकडे बघूनच बोलेल, तेव्हा खुशाल मोबाइलमध्ये डोकं घाला. ती अडखळेल, कदाचित ‘दादा, तूच सांग ना’ म्हणेल. इतकी वर्षं तुम्हीच बोलत आलात, दुसरं काय होणार? तरी तिचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. वेळ लागला तर लागू दे, बँकेत आपण सगळेच ताटकळतो.

कार्ड मिळालं की दुकानदारांना नवा खाते क्रमांक तीच कळवेल. आणि पिन दादालासुद्धा सांगायचा नाही, हा निरोप तिला माझ्याकडून द्या.