दोन फॉल्ट एकमेकांना छेदतात तिथे खडकांचं आणि गाळाच्या थरांचं काय होतं?

तुम्ही विचारलंय, की नकाशावर दोन फॉल्टची फुली दिसते तिथे थर कसे बिघडतात आणि आधीचा फॉल्ट कोणता हे कसं ओळखायचं. फॉल्ट म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकल्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे ती फुली फुली राहतच नाही.

समजा, पूर्व-पश्चिम फॉल्टला उत्तर-दक्षिण फॉल्टने कापलं आणि पूर्वेकडची बाजू 50 मीटर उत्तरेला सरकली. जुन्याचे दोन तुकडे झाले, तोंडाला तोंड लागत नाही. त्याला पुन्हा सरकायचं तर मध्ये अखंड खडक आडवा येतो. जुन्या फॉल्टची पलीकडची बाजू उजवीकडे सरकणारी असेल, तर या पायरीपाशी खडक दाबला जातो, थरांना वळ्या पडतात, जमीन उचलली जाते. डावीकडे सरकणारी असेल, तर तिथे जागा उघडते, खळगा पडतो आणि त्यात आजूबाजूपेक्षा जाड गाळ साचतो.

छेदाचा कोपरा म्हणूनच सर्वांत जास्त चुरडलेला असतो. कोनदार तुकडे आणि मध्ये बोटांत चिकटणारा पिठूळ भुगा. तुकड्यांतल्या भेगांतून पाणी पळतं, चिकण भुगा मात्र ते अडवतो. बोगदा किंवा बोअर घेणाऱ्यांनी हे दोन्ही वेगवेगळं तपासावं.

कापला गेला तो जुना, हा नियम बरोबर आहे, पण एकाच दाबाखाली तयार झालेली जोडी आळीपाळीने सरकते आणि एकमेकींना कापते. तिथे जुनं-नवं ठरवू नका. अशा जोडीतला लहान कोन बहुधा 60 अंशांच्या आसपास असतो. पण कॅलिफोर्नियात रिजक्रेस्टला 2019 मध्ये जवळजवळ काटकोनातले फॉल्ट सरकले: 4 जुलैला 6.4 चा भूकंप, सुमारे 34 तासांनी 7.1 चा. त्यामुळे नुसत्या कोनावरून निष्कर्ष काढू नये.

सगळ्यात जास्त फसवतो तो तिरका थर. फॉल्टची एक बाजू नुसती खाली खचली आणि वरचा भाग झिजून गेला, तरी नकाशावर थर आडवा सरकल्यासारखा दिसतो. फॉल्टच्या गुळगुळीत पृष्ठावरचे ओरखडे बघा, सरकण्याची दिशा तेच सांगतात. फॉल्टला काटकोनात जाणारी उभी डाइक (भेगेत शिरून गोठलेल्या शिलारसाची भिंत) मिळाली तर उत्तम: तीही तुटून बाजूला गेली असेल, तरच सरकणं खरोखर आडवं.

वरचा थर अखंड दिसला की फॉल्ट त्याआधीच थंडावला असं मानतात. हे फक्त सपाट थराला लागू. ओला, मऊ गाळ तुटण्याआधी वाकतो, त्यामुळे न तुटलेल्या थरालाही बाक असेल तर खालचा फॉल्ट तो साचल्यानंतर सरकलेला असू शकतो. चर खणताना तो बाक मोजायला विसरू नका.