गळ की नांगर?

घणसोलीतून एका ताईंचा प्रश्न आलाय. गावातल्या जुन्या घरामागे खड्डा खणताना गंजलेली लोखंडी वस्तू सापडली, वर एक कडं, त्याला लोंबणारे पाच-सहा वाकडे आकडे, वजन दीड-दोन किलो. आजी म्हणते गळ, शेजारचे काका म्हणतात नांगर, मुलगा म्हणतो आकडी. नेमका शब्द कुठला?

आजी बरोबर आहेत. हा विहिरीचा गळ. तुम्ही लिहिलंय की तिथेच बाजूला बुजवलेली विहीर होती, म्हणजे तर शंकाच नको. दोर तुटून कळशी किंवा पोहरा आत पडला की हा गळ दोराला बांधून खाली सोडायचा आणि तळाशी हळूहळू फिरवायचा, वरून काही दिसत नाही, सगळं हाताला लागणाऱ्या ओढीवर, म्हणून आकडे सगळ्या बाजूंनी असतात, कळशी कशीही पडलेली असू दे एखादा तरी काठात नाहीतर कडीत अडकतोच. आकडी म्हणजे साधारण काठीला लावलेला एकच आकडा, आंबे-चिंचा ओढायचा, त्यामुळे ते नाव इथे बसत नाही.

आता काका. त्यांचं मला खरंच पटण्यासारखं वाटतं, कारण होडीच्या नांगरालाही असेच वाकडे हात असतात आणि खाडीकाठच्या माणसाला आधी तेच आठवणार. पण नांगराला मधे जाड दांडा असतो, हात त्याला घट्ट जोडलेले, टोकं चिखलात रुतण्यासारखी. तुमचे आकडे कड्यात सुटे हलतात. आणि दोन किलोवर ठाण्याच्या खाडीतल्या भरती-ओहोटीला होडी थांबेल का?

नांगराची गंमत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे एकाच घरात भातशेतीपण असायची आणि होडीपण, म्हणजे दोन्ही नांगर घरात, शेतही नांगरायचं आणि होडीही नांगरायची. पण हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत! शेतातला नांगर संस्कृत लाङ्गल वरून आला (बलरामाला लांगली म्हणतात ते त्यामुळेच), आणि होडीचा नांगर फारसी लंगर वरून, हिंदीत अजून लंगरच म्हणतात. दोन्हीकडे सुरुवातीच्या ल चा न झाला. ललाट वरून निढळ झालं, निढळाच्या घामातलं, तिथेही तेच झालंय. त्यामुळे दिसायला एक, पण घराणी दोन.

गळ कडे परत येतो, कारण यातही लोक घोळ घालतात. मासे पकडायचा गळ आणि विहिरीचा गळ एकच शब्द, तो पुल्लिंगी आहे: गळ टाकला, मासा गळाला लागला. पण आग्रह करणे या अर्थाने आपण 'तिने मला गळ घातली' म्हणतो, तिथे गळ स्त्रीलिंगी आहे! 'गळ घातला' असं आग्रहासाठी कोणी म्हणत नाही. म्हणून या लोखंडी गळावरून तो वाक्प्रचार आला असं कोणी ठोकून सांगितलं तर लगेच होकारार्थी मान डोलवू नका.

आणि हो, ॲसिड वगैरे लावू नका प्लीज, सुक्या मऊ ब्रशने माती काढा आणि कोरड्या जागी ठेवा. चिठ्ठी लावणार असाल तर नुसतं गळ न लिहिता 'विहिरीचा गळ' लिहा, नाहीतर पुढचा माणूस मासे पकडायचा समजेल.